खांबामागे अडकलेला बांबू

२०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी उतरल्यावर चार-पाच दिवसांनी शिरोळ तालुक्यातल्या एका गूळ व्यापाऱ्यांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही म्हणाल काय खुळ्यागत विचारतोय, पण खांबामागचा बांबू निघंना झालाय."

गोदामात गाळ काढायचं काम चाललं होतं. कोपऱ्यातलं गटार मोकळं करायला एक लांब बांबू कायम तिसऱ्या खांबामागे, खांब आणि भिंत यांच्या फटीत उभा करून ठेवलेला असायचा. जेमतेम इंचभर जाडीचा. गेली दीड वर्षं तो सहज आत जायचा आणि बाहेर यायचा. आता मध्यावरच्या पेराशी अडकला होता. दोन माणसांनी ओढला तरी हलेना.

मी त्यांना एवढंच विचारलं, "वर माळ्यावर किती माल आहे?"

"सगळाच आहे की. पाण्याच्या भीतीनं खालचा सगळा वर चढवला."

"मग आत कुणाला थांबू देऊ नका. मी निघाले."

त्या गोदामाचं डिझाइन माझंच. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात त्यांचा गूळ पाण्यात गेला होता. गुळाचं काय होतं ते सांगायला नको. पुन्हा तसं होऊ नये म्हणून त्यांनी शेडच्या आत लोखंडी माळा बांधायचं ठरवलं. खाली टेम्पो शिरला पाहिजे म्हणून माळ्याची उंची साडेचार मीटर. मधे खांबांची एक रांग, भिंतीकडेला चार खांब, आणि दोन्हींमध्ये चार मीटर लांबीचे बीम. भिंतीकडच्या एका खांबाच्या वाट्याला माळ्याचा आठ चौरस मीटर भाग येतो. एका चौरस मीटरवर तीस किलोचे पंचवीस रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, धरले तर साडेसातशे किलो, म्हणजे एका खांबावर सहा टन. खांब आयएसएमबी २००, म्हणजे इंग्रजी 'आय' अक्षरासारख्या छेदाचा, २०० बाय १०० मिमीचा पोलादी सेक्शन. आमच्या भागात कुठल्याही फॅब्रिकेटरच्या अंगणात पडलेला असतो असा सेक्शन.

सहा टन या सेक्शनला काहीच नाही. क्षेत्रफळ ३२.३३ चौरस सेंटीमीटर. नुसता चिरडून मोडायचा म्हटलं तर त्याला ऐंशी टनांच्या वर लागतील. सहा टनांनी येणारा सरळ दाब जेमतेम १९ एमपीए (दर चौरस मिलिमीटरला १९ न्यूटन), आणि पोलाद २५० ला यील्ड होतं, म्हणजे त्याचा आकार कायमचा बदलतो. पण बारीक आणि उंच खांब चिरडून मोडत नाही. तो बाजूला वाकतो. ऑयलरने १७४४ मध्ये दाखवून दिलं की खांब कधी वाकेल हे त्याच्या ताकदीवर ठरत नाही, त्याच्या ताठपणावर आणि उंचीच्या वर्गावर ठरतं. उंची दुप्पट केली की वाकण्याचा भार चौथ्या हिश्शावर येतो. हे वाक्य मी कॉलेजात पाठ केलं होतं. समजलं मात्र नोकरीला लागल्यावर.

आय सेक्शनची अडचण अशी की तो दोन दिशांना सारखा नसतो. २०० मिमीच्या बाजूने त्याचा इनर्शिया, म्हणजे वाकायला विरोध करायची छेदाची क्षमता, २२३५ सेंटीमीटर घात चार, आणि आडव्या बाजूने फक्त १५०. पंधरापट फरक. एकाच खांबात एक पैलवान आणि एक काडी पहिलवान एकत्र उभे असतात, आणि भार कुणाच्या अंगावर टाकायचा हे आपण ठरवायचं असतं. माझ्या ड्रॉइंगमध्ये बीम आतून येऊन खांबाच्या फ्लँजला, म्हणजे 'आय'च्या आडव्या पट्टीला, भिडत होता. म्हणजे बाजूला पडणारा भार पैलवानाच्या अंगावर. कमजोर दिशा भिंतीला समांतर होती, आणि त्या दिशेला आधार द्यायला मधल्या उंचीवर सगळ्या खांबांना जोडणारा अँगलचा आडवा रनर दिला होता. त्यामुळे त्या दिशेची मोकळी उंची साडेचारऐवजी सव्वादोन मीटर. स्लेंडरनेस, म्हणजे उंचीच्या मानाने खांब किती बारीक, एकीकडे ५४, दुसरीकडे १०५. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय कोडमध्ये असल्या खांबाला मर्यादा १८० ची. आरामात बसत होतं.

मी गोदामाच्या दारात उभी राहिले आणि तिथूनच दिसलं. चारही खांब नव्वद अंशांत फिरवून उभे केलेले होते.

वेब, म्हणजे 'आय'ची मधली उभी पट्टी, भिंतीला समांतर. बीम आतून येऊन थेट वेबला लावलेल्या ब्रॅकेटवर टेकलेले. कारण मालकांनीच सांगितलं, अगदी मोकळेपणाने. खांब बसवायच्या दिवशी कुणीतरी म्हणालं, असा लावला तर टेम्पोच्या वाटेत २०० मिमी पुढे येतो, असा लावला तर १०० च येतो. सेक्शन तोच, वजन तेच, खर्च तोच. मग फिरवायला काय हरकत? मला कुणी विचारलं नाही. आणि मीही प्लॅनमध्ये खांबाच्या जागी पेन्सिलच्या टोकाएवढा 'आय' काढून गप्प बसले होते. त्याची दिशा महत्त्वाची आहे हे कुठेही शब्दांत लिहिलं नव्हतं. बांधकाम झाल्यावर एकदा जाऊन बघायला हवं होतं, तेही राहिलं. त्यानंतर लॉकडाऊन लागला, हे कारण मी स्वतःला बरेच दिवस देत राहिले.

खांब फिरल्यावर काय काय एकदम बदललं बघा. रनर होता तिथेच राहिला, पण आता तो पैलवानाला आधार देत होता, ज्याला गरज नव्हती. कमजोर दिशा भिंतीच्या काटकोनात आली आणि तिला पूर्ण साडेचार मीटर मोकळी मिळाली. स्लेंडरनेस १०५ वरून २०९. ऑयलरचा भार या दिशेला १४६ किलोन्यूटन, म्हणजे पंधरा टनसुद्धा नाही. कुठे ऐंशी टन आणि कुठे पंधरा. आणि त्याच कमजोर दिशेला बीम बाजूला टेकलेला. ब्रॅकेटवर टेकण्याची जागा वेबच्या मध्यापासून मी मोजली, ५० मिमी. पाच सेंटीमीटर. दोन बोटं आणि थोडं वर.

आधी दोरी. वर आणि खाली ४० मिमी जाडीचे लाकडी गुटके लावून नायलॉनची दोरी ताणली, आणि मध्यावर खांबापासून दोरीपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने घेतलं. खांब सरळ असता तर ४० आलं असतं. आलं ६७. खांब मध्यावर २७ मिमी भिंतीकडे गेला होता. बाकीचे तीन १९, २२ आणि २४. भार आतल्या बाजूला टेकलेला, म्हणून पोट भिंतीकडे. खांब भारापासून लांब पळतो, आणि जितका पळतो तितकं भाराचं अंतर वाढतं. अंतर वाढलं की वाकवणारा मोमेंट वाढतो, मोमेंट वाढला की तो अजून पळतो. हे चक्र कुठेतरी थांबतं किंवा थांबत नाही, एवढाच प्रश्न.

तिथेच गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून गणित केलं. वर ५० मिमी बाजूला भार, खाली बिजागरीसारखा पाया, सहा टन. मध्यावर खांब २२ मिमी हलला पाहिजे. उरलेले पाच कुठून आले? खांब मुळातच तीन-एक मिमी वाकडा असणार, आणि तो बाकसुद्धा भाराखाली फुगतो. १४६ पैकी ६० किलोन्यूटन भार असेल तर तीनचे पाच होतात. २२ आणि ५, सत्तावीस. एरवी गणित असं जुळलं की मला आनंद होतो. त्या दिवशी घशाला कोरड पडली.

कारण पुढची ओळ मला दिसत होती. सहा टनांना त्या खांबात सर्वांत जास्त ताण १२९ एमपीए येत होता. ऐकायला ठीक वाटतं, निम्मी ताकद शिल्लक आहे. पण भार दीडपट केला, सहाचे नऊ टन, तर ताण दीडपट होत नाही. तो २६७ होतो. म्हणजे यील्डच्या पार. आणि मध्यावरचा बाक २२ वरून ५०. डिझाइनमध्ये आपण दीडपट भाराचा विचार कशासाठी करतो, तर माणसं माळ्यावर ठरल्यापेक्षा जास्त ठेवतात म्हणूनच. बाजूला टेकलेल्या भाराच्या बारीक खांबाला ती दीडपट राखीव ताकद कागदावर असते, प्रत्यक्षात नसते. आणि मालक मला सांगत होते की बाहेर शेडमध्ये अजून थोडे रवे राहिलेत, तेही वरच टाकायचा विचार होता.

माल उतरवायला सांगितलं, आणि तोही कसा उतरवायचा ते सांगितलं. हमालांची सवय एका बाजूने साफ करत जायची. पण मधल्या खांबांना दोन्ही बाजूंनी बीम येतात. दोन्हीकडे सारखा भार असेल तर त्यांचं बाजूला ओढणं एकमेकांत फिटतं. एक बाजू रिकामी केली की जो खांब आत्तापर्यंत सुखात होता तोही एकाकी ओढला जातो. म्हणून एक फेरी इकडची, एक तिकडची. चेन ब्लॉकवर असलेल्या वयस्कर मामांनी हे पहिल्या खेपेतच पकडलं. "कावड असते तशी की ओ," म्हणाले. मी आजवर दिलेल्या कुठल्याही स्पष्टीकरणापेक्षा ते चांगलं होतं.

संध्याकाळपर्यंत माळा रिकामा झाला. दोरी पुन्हा ताणली. ४३. खांब परत आला होता, मूळचे तीन मिमी तेवढे राहिले. म्हणजे पोलाद यील्ड झालं नव्हतं. बांबूही आपसूक सुटला, खाली टेकलेला होता तसाच.

मालकांना एवढं पटत नव्हतं की इतका जाड लोखंडी खांब गुळाने वाकेल. त्यांच्या काउंटरवर इलेक्ट्रॉनिक काटा होता. माझ्या पिशवीतली स्टीलची फूटपट्टी मी त्या काट्यावर उभी धरली आणि वरून बोटाने दाबत गेले. पाचशे ग्रॅम, किलो, दोन किलो, पट्टी सरळ. तीन किलोच्या आसपास ती फाटकन बाजूला वाकली, आणि मग मी कितीही दाबलं तरी आकडा तीनवरच अडून बसला. फक्त बाक वाढत गेला. ही पट्टी चिरडायला अर्ध्या टनाच्या वर वजन लागेल, आणि वाकायला तीन किलो. मग पट्टीच्या वरच्या टोकाला आडवी काडेपेटी चिकटवून तिच्या कडेवर दाबलं. आता फाटकन काही झालंच नाही. पहिल्या ग्रॅमपासून पट्टी हळूहळू वाकत गेली. एका किलोला चार-पाच मिमी, दोन किलोला बोटभर. आकडा तीनच्या जवळ जाईना.

"मधोमध दाबलं तर सांगून मोडत नाही, कडेला दाबलं तर आधीपासनं सांगत बसतंय," मालक म्हणाले. मग स्वतः तीन-चारदा दाबून बघितलं.

मग त्यांनी ओळखीच्या माणसाने सुचवलेला उपाय विचारला. जास्त ग्रेडच्या पोलादाचे खांब घातले तर? हा प्रश्न मला सिव्हिलची मुलंसुद्धा विचारतात. ई२५० च्या जागी ई३५० घेतलं तर यील्डची ताकद वाढते, ताठपणा तसूभरही वाढत नाही. दोन्हींचा इलॅस्टिक मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचा आकडा, एकच, दोन लाख एमपीए. २०९ स्लेंडरनेसचा खांब महाग पोलादाचा केला तरी तितक्याच भाराला वाकणार. पैसे लोखंड कुठे आहे यावर खर्च करायचे, लोखंड कसलं आहे यावर नाही. सेक्शनचं लोखंड मध्यापासून जितकं लांब, तितका खांब ताठ.

म्हणून बॉक्स. 'सी' आकाराचे दोन आयएसएमसी १५० चॅनेल तोंडाला तोंड लावून वेल्ड केले की १५० बाय १५० चा बंद खांब होतो. एका दिशेला रेडियस ऑफ जायरेशन (लोखंड मध्यापासून किती लांब पसरलंय याचं माप) ६.१ सेंटीमीटर, दुसऱ्या दिशेला ५.७. जवळजवळ सारखे. आयएसएमबी २०० मध्ये हेच आकडे ८.३ आणि २.१५ होते. साडेचार मीटरला स्लेंडरनेस ७९, कुठल्याही रनरशिवाय, आणि कुणी नव्वद अंशांत फिरवला तरी फार फरक पडत नाही. कमजोर दिशेचा ऑयलर भार १४६ वरून १३३० किलोन्यूटनच्या वर गेला, नऊपट. वजनाचं म्हणाल तर मीटरला २५.४ किलोऐवजी ३२.८. एका खांबामागे तेहतीस किलो लोखंड जास्त. एका रव्यापेक्षा थोडं जास्त वजन, एवढंच.

नवा खांब मी जुन्याच्या जागी नाही, ५० मिमी आत घेतला, बीम जिथे टेकतो त्याच्या बरोबर खाली. टेम्पोच्या वाटेत तो ७५ मिमी पुढे आला. टेम्पो बोलावून आत-बाहेर करून दाखवला, तेव्हा मालक हो म्हणाले. पाया ५० मिमीने सरकलेल्या भाराला पुरतो का ते तपासलं, पुरत होता. बीम आता ब्रॅकेटवर नाही, खांबाच्या डोक्यावरच्या कॅप प्लेटवर. तरीसुद्धा गणितात मी भार मधोमध धरला नाही. बीम भाराने थोडा झुकतो आणि खांबाच्या आतल्या कडेवर रेलतो, म्हणून आयएस ८०० सांगतं की कॅपवर टेकलेल्या बीमचा भारही खांबाच्या कडेवर धरा. इथे ७५ मिमी. बाजूला जोडलेल्या बीमला खांबाच्या दर्शनी बाजूपासून १०० मिमी किंवा टेकण्याचा मध्य, यातलं जास्त असेल ते. म्हणजे त्या फिरवलेल्या खांबाला मोजलेले ५० नाही, १०३ धरायला हवे होते. कडेवर धरूनही नव्या बॉक्समधला एकूण ताण चाळीसच्या आत राहिला.

मला कोडमधली ही कलमं आवडतात. ती सरळ मनुष्यस्वभाव धरून चालतात. त्यातल्या खांबांच्या ताकदीच्या चार वक्ररेषासुद्धा, ए ते डी, मुळात हेच गृहीत धरतात की तुमचा खांब कारखान्यातूनच थोडा वाकडा आलाय, वेल्डिंगने अजून वाकडा झालाय आणि भार मधोमध पडणार नाही. आयर्टन आणि पेरी यांनी १८८६ मध्ये मांडलेल्या समीकरणावर त्या उभ्या आहेत. सरळ खांब हा फक्त पुस्तकात असतो, हे त्यांनी तेव्हाच मान्य केलं होतं.

त्या रात्री घरी परतताना क्वेबेकचा पूल डोक्यातून जात नव्हता. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर बांधत असताना २९ ऑगस्ट १९०७ ला तो कोसळला, ७५ कामगार गेले. दाबाखाली असलेल्या खालच्या कॉर्डमधला, म्हणजे सांगाड्याच्या खालच्या दांड्यांमधला, बाक आधीच दिसला होता. एका दांड्याचा बाक दोन इंचांच्या वर गेल्याचं साइटवर मोजलंही होतं. ते सांगायला तरुण इंजिनिअर रेल्वेने न्यूयॉर्कला सल्लागार थिओडोर कूपर यांच्याकडे गेला. अजून भार चढवू नका, अशी तार त्यांनी केली, पण ती कामगारांपर्यंत पोहोचायच्या आत संध्याकाळी पूल नदीत गेला. मोजमाप होतं, समज होती, फक्त काम थांबलं नव्हतं. आमच्याकडे मोजमाप एका बांबूने केलं, आणि मालकांनी लगेच फोन केला. त्यांनी बांबू कापून टाकला असता आणि नवीन आणला असता, तर कुणाला काय कळलं असतं?

खांब एकेक करून बदलले. बीमखाली प्रॉप आणि हायड्रॉलिक जॅक लावून, जुना कापून, नवा उभा करून, वेल्ड थंड झाल्यावरच जॅक सोडायचा. नऊ दिवस लागले. प्रत्येक खांबाला मी स्वतः हजर होते.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर खांबाशेजारी मराठीत एक ओळ असते, ठळक अक्षरांत: "वेब भिंतीला काटकोनात. खांब फिरवायचा असल्यास आधी फोन करा." इंग्रजीतली टीप कटिंग करणाऱ्या पोरांपर्यंत पोहोचत नाही, हे मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं. आत्तापर्यंत तीन फोन आले. एकदा फिरवायला परवानगी दिली, दोनदा नाही.

गोदामात डिसेंबरात नवा गूळ आला आणि माळा पुन्हा पूर्ण भरला तेव्हा मी दोरी आणि तेच दोन गुटके घेऊन गेले. चारही खांब मोजले. कुठेच दोन मिमीच्या वर बाक नव्हता. प्रत्येक खांबावर, दोरी धरली त्या उंचीवर, मालकांनी खडूने आकडा आणि तारीख लिहून ठेवली आहे. तिसऱ्या खांबामागे आता आधीपेक्षा इंचभर जास्त फट आहे, आणि बांबू तिथेच उभा असतो.